हिरवा ‘बी’ आणि ‘ग्रेड पेंडिंग’: काचेवरच्या दोन पाट्या

आई-बाबा न्यूयॉर्कला आले की जेवायला जॅक्सन हाइट्स या भारतीय हॉटेलांच्या भागात एक चक्कर ठरलेली. गेल्या खेपेला एका हॉटेलच्या काचेवर हिरवा ‘बी’ पाहून बाबा दारातच थांबले. "इथे नको, शेजारी बघू." शेजारच्या काचेवर ‘ग्रेड पेंडिंग’ होतं. "हे नवीन दिसतंय, तपासणी व्हायची असेल," बाबा म्हणाले. असा समज खूप जणांचा होतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

शहराचं आरोग्य खातं जुलै २०१० पासून हॉटेलांना स्वच्छतेची ही अक्षरं देतंय. निरीक्षक न कळवता येतो आणि प्रत्येक चुकीला गुण लावत जातो, म्हणून इथे गुण जितके कमी तितकं चांगलं. ० ते १३ ला ए, १४ ते २७ ला बी, २८ आणि पुढे सी. (लॉस एंजेलिसमध्ये नेमकं उलट आहे. तिथे शंभरातून गुण कापतात आणि ९० किंवा जास्त उरले तर ए मिळतो.) किरकोळ चूक दोन गुणांपासून सुरू होते, पण ज्याने माणूस थेट आजारी पडू शकतो, अशा चुकीला किमान सात.

आपल्याकडच्या जेवणाचा घात होतो तो तापमानात. गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या खाली उतरायला नको, थंड पदार्थ ५ अंशांच्या वर जायला नको. बुफेच्या टोकाला तासभर बाहेर राहिलेली दह्यातली कोशिंबीर घ्या. हाताला ती गारच लागते, पण थर्मामीटर बुडवला की आकडा वर चढलेला दिसतो. कोशिंबीर कोमट आणि शेजारचं वरणही कोमट, एवढ्यावर चौदा गुण होतात आणि ए जातो.

आता पेंडिंग. पहिल्याच तपासणीत १३ किंवा कमी गुण असतील, तर ए लगेच काचेवर लागतो. जास्त असतील तर अक्षर मिळत नाही, काही आठवड्यांनी निरीक्षक पुन्हा येतो. तेव्हाही ए हुकला, तर मालकाच्या हातात दोन पाट्या पडतात: मिळालेला बी किंवा सी, आणि ‘ग्रेड पेंडिंग’. सुनावणी होईपर्यंत दोन्हींपैकी कुठलीही लावायची त्याला मुभा असते. सुनावणीत गुण कमी होऊही शकतात, त्यामुळे पेंडिंगवाल्याला दोषी ठरवणं बरोबर नाही. पण त्या पाटीमागे सीसुद्धा असू शकतो, हे ध्यानात ठेवायला हवं. बीवाल्याचं निदान सगळं उघड असतं. म्हणून दुसरी काही माहिती नसेल, तर मी बीकडे जाते.

माहिती मात्र मिळते. खात्याच्या ‘एबीसी ईट्स’ या साइटवर हॉटेलचं नाव टाकलं की तपासणीची तारीख, गुण आणि एकेक चूक दिसते. मी आकड्याआधी चुका वाचते. मोडकी फरशी आणि उंदराच्या लेंड्या यांत मला फार फरक वाटतो.

त्या दिवशी फुटपाथवरच बाबांना फोन दाखवला. बीवाल्याचे १७ गुण होते, त्यात मोठा वाटा फ्रिज पुरेसा थंड नसल्याचा. पेंडिंगवाल्याचे ३४, आणि यादीत उंदीर. बाबांनी चष्मा वर करून दोन्ही याद्या शेवटपर्यंत वाचल्या आणि हिरव्या पाटीचं दार ढकललं.