शेअर सौदा

शेअर सौदा म्हणजे कंपनीच्या भागभांडवलातील हिस्सा शेअर बाजारात विकत घेण्याचा वा विकण्याचा व्यवहार. तो ब्रोकरमार्फतच होतो. त्यासाठी ग्राहकाकडे बँक, ट्रेडिंग (ऑर्डर देण्याचे) आणि डीमॅट (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याचे) अशी तीन खाती लागतात.

पुण्याला एकेकाळी स्वतःचा बाजार होता. १९८२ साली स्थापन झालेला पुणे शेअर बाजार सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्त्यावर भरे. किर्लोस्कर, बजाज, भारत फोर्ज, थरमॅक्स यांच्या शहराला असा बाजार असणे साजेसेच होते. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकावरून शेअरसौदे सुरू झाले. पुढे हे जाळे पसरले, पुण्यात बसून मुंबईच्या भावाने सौदा करता येऊ लागला आणि प्रादेशिक बाजारांची उलाढाल आटत गेली. वर्षाला १,००० कोटी रुपयांची उलाढाल नसलेल्या बाजारांसाठी सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने २०१२ मध्ये बाहेर पडण्याचे धोरण आणले. त्यानुसार २०१५ मध्ये पुण्याचा बाजार बंद झाला.

आता नियमित सौदे सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० या वेळात होतात. ‘मार्केट ऑर्डर’ मिळेल त्या भावाने पुरी होते, ‘लिमिट ऑर्डर’ सांगितलेल्या किंवा त्याहून फायद्याच्या भावानेच. नवख्यांचा मोठा गैरसमज ‘स्टॉप लॉस’बद्दल, म्हणजे भाव ठरावीक पातळीपर्यंत (‘ट्रिगर’) घसरताच जागी होणाऱ्या विक्रीच्या ऑर्डरबद्दल असतो. ५०० रुपयांना घेतलेल्या शेअरवर ४८० चा ट्रिगर आणि ४७८ ची लिमिट लावली, पण भाव झपाट्याने ४७० वर कोसळला, तर ऑर्डर नुसती पडून राहते आणि शेअर विकला जात नाही. शिवाय साधी ऑर्डर त्याच दिवसापुरती असते. रात्री वाईट बातमी आली, तर कालचा स्टॉप लॉस सकाळी उपयोगाचा नाही. शेअरला लोअर सर्किट लागले, म्हणजे भाव त्या दिवसाच्या घसरणीच्या ठरलेल्या मर्यादेला टेकला, तर घेणाराच मिळत नाही, मग ऑर्डर कोणतीही असो. नुकसानीची कमाल मर्यादा स्टॉप लॉस ठरवतो, असे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे.

शेअर डीमॅट खात्यात घेतले तर ती ‘डिलिव्हरी’. सौद्यानंतरच्या लगेचच्या कामकाजाच्या दिवशी ते जमा होतात. २०२३ च्या जानेवारीपासून सर्वच शेअरना हा नियम लागू आहे. त्याच दिवशी घेऊन विकले, तर तो ‘इंट्राडे’. हाती नसलेले शेअर आधी विकणे म्हणजे ‘शॉर्ट’. ते बाजार बंद होण्याआधी परत घेता आले नाहीत, तर लिलावातून दुसऱ्याचे शेअर आणून पूर्तता होते आणि फरक विकणाऱ्याच्या माथी बसतो.

वायदे (पुढच्या तारखेला ठरल्या भावाने घेण्या-विकण्याचा करार) आणि ऑप्शन (तसे करण्याचा नुसता हक्क) हा वेगळाच प्रकार. इथे पूर्ण किंमत न भरता थोड्या रकमेवर मोठा सौदा होतो. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी सुमारे ९३ टक्के जण तोट्यात गेले, असे सेबीच्या पाहणीत आढळले.