मत्स्यटाकीतील पाण्याची चाचणी

घरच्या फिशटँकमधील अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि पाण्याचा जडपणा घरीच मोजण्याची पद्धत. त्यासाठी थेंबांचे किट (नळीतल्या पाण्यात रसायनाचे थेंब घालून येणारा रंग तक्त्याशी ताडायचा) किंवा कागदी पट्ट्या वापरतात. पट्ट्या सोयीच्या असल्या तरी दमट हवेने लवकर खराब होतात. थेंबांचे किट अधिक भरवशाचे. त्याचा आकडा चुकतो तो बहुधा वापरणाऱ्याच्या घाईमुळे.

सर्वाधिक घोळ नायट्रेटमध्ये होतो. या चाचणीत नायट्रेटचे आधी नायट्राइटमध्ये क्षपण होते, म्हणजे त्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि मग ग्रीस अभिक्रियेने (नायट्राइटला रंग आणणारी रासायनिक क्रिया) लाल रंग येतो. क्षपणासाठी घातलेली जस्तासारख्या धातूची भुकटी द्रवात विरघळत नाही, बाटलीच्या तळाशी बसते. वरचेच निवळ थेंब पडले, तर पाण्यात नायट्रेट भरपूर असूनही नळी पिवळीच राहते. म्हणून एपीआय या कंपनीच्या किटमध्ये ही भुकटीची दुसरी बाटली 30 सेकंद, थेंब घातल्यावर नळी पूर्ण 1 मिनिट जोरात हलवून 5 मिनिटांनी रंग पाहायला सांगितले आहे. बाटली बरेच दिवस पडून असेल तर आधी ती टेबलावर आपटून गाळ मोकळा करावा. नव्या टाकीत नायट्राइट जास्त असताना नायट्रेटचा आकडा फुगलेला येतो, तो तेव्हा धरूच नये.

किटची शंका आली तर ते पारखता येते. 1.63 ग्रॅम शुद्ध पोटॅशियम नायट्रेट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून 1 लिटर द्रावण करावे. त्यातले 10 मिली घेऊन 500 मिलीपर्यंत पातळ केले की लिटरला 20 मिलिग्रॅम नायट्रेट मिळते. किटनेही तेवढेच दाखवायला हवे. काही किट नायट्रेटऐवजी त्यातला फक्त नायट्रोजन मोजतात. तो आकडा 4.43 ने गुणावा.

अमोनियाची चाचणी अमोनिया आणि अमोनियम (त्याचे बरेच कमी विषारी रूप) यांची बेरीज दाखवते. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी अमोनिया असतो, पीएच 8 ला 5 टक्क्यांहून अधिक. तेव्हा पीएच न पाहता एकट्या अमोनियाच्या आकड्यावर घाबरण्यात किंवा निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. अमोनिया मोजण्याच्या नेसलर पद्धतीच्या किटला काही क्लोरीननाशके चकवतात, सॅलिसिलेट या दुसऱ्या पद्धतीत हा त्रास कमी.

पीएचच्या साध्या किटचा रंगतक्ता 7.6 ला संपतो. बोअरचे पाणी त्याच्या वर असले तरी किट 7.6 च दाखवते. तिथे जास्त पीएच मोजणारे वेगळे किट लागते. झाडे लावलेल्या टाकीत पीएच सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असतो, म्हणून मोजण्याची वेळ ठरलेली असावी.

नळी आधी टाकीच्याच पाण्याने विसळावी, पाणी रेषेपर्यंत डोळ्यांच्या पातळीवर धरून भरावे. हलवताना तोंडावर बोट नको, झाकण लावावे. बाटली उभी उलटी धरली तरच थेंब सारख्या आकाराचे पडतात. रंग दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदासमोर पाहावा. पिवळ्या बल्बखाली फिकट रंगांतला फरक कळत नाही. जडपणाची चाचणी मात्र रंग बदलेपर्यंतचे थेंब मोजून होते. तिथे 5 ऐवजी 10 मिली पाणी घेतले की एक थेंब म्हणजे जडपणाचा अर्धा अंश.