नंबर प्लेटवरून गाडीचं वय काढणं (कोकण)

नंबर प्लेटवरून गाडीचं वय काढणं म्हणजे पाटीवरची अक्षरं आणि आकडे बघून गाडीचं पासिंग कुठल्या सालचं असेल याचा अंदाज बांधणं. पासिंग हा शब्द इकडे आरटीओतल्या नोंदणीसाठी वापरतात. '०८ पासिंग' म्हणजे रत्नागिरीची गाडी आणि '१६ चं पासिंग' म्हणजे २०१६ साली नोंदलेली, गाव पण त्याच शब्दात आणि साल पण त्याच शब्दात, त्यामुळे नवख्याचा गोंधळ होतो. ही विद्या गॅरेजवाल्या मेस्त्रींकडे असते, आरटीओबाहेरच्या एजंटांकडे असते आणि गणपतीत नाक्यावर बसून मुंबईच्या गाड्या मोजणाऱ्या पोरांकडे तर असतेच. पण आधीच सांगून टाकतो, आपल्याकडची साधी पाटी वय सांगतच नाही. मालवणीत विचारतात ना, 'गाडी खयची?', म्हणजे कुठली, तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर पाटीवर असतं. कधीची ते आपलं आपण शोधायचं.

काही देशांत मात्र वय सरळ पाटीवरच असतं. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर २००१ पासून पाटीच्या मधे दोन आकडे येतात, मार्चपासूनच्या गाडीला सालाचे शेवटचे दोन आकडे आणि सप्टेंबरपासूनच्या गाडीला त्यात ५० मिळवून, म्हणजे मार्च २०२४ ची गाडी '२४' आणि सप्टेंबर २०२४ ची '७४'. त्याआधी १९६३ पासून तिकडे सालासाठी एक अक्षर असायचं. आयर्लंडमध्ये १९८७ पासून पाटीची सुरुवातच सालाने होते, आणि २०१३ पासून वर्षाचे दोन भाग पाडून १३१, १३२ असं लिहायला लागले, त्यामागे एक कारण असं की '१३' आकडा अशुभ म्हणून लोक गाडीच घेणार नाहीत अशी धास्ती होती. अमावस्येला गाडी घरी न आणणाऱ्यांनी त्यांना हसू नये.

आता आपली पाटी. एमएच म्हणजे महाराष्ट्र, पुढचे दोन आकडे म्हणजे आरटीओ, मग एक किंवा दोन अक्षरांची सिरीज आणि शेवटी चार आकडे. पेणचं ऑफिस म्हणजे रायगड ०६, सिंधुदुर्ग ०७, रत्नागिरी ०८, पनवेल ४६, वसई-विरार आणि पालघरची बाजू ४८. ही पद्धत नवीन मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला तेव्हापासूनची. त्याआधी 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे चार आकडे असायचे, तशी पाटी एखाद्या वाड्याच्या पडवीत झाकून ठेवलेल्या फियाटवर दिसली तर फार डोकं चालवायला नको, गाडी १९८९ च्या आधीची किंवा फार तर त्याच सुमाराची. कोडवरूनही थोडं कळतं, ४६, ४७, ४८ हे नंबर नंतर आले, म्हणजे ४६ च्या गाडीला कोणी नव्वद सालची पनवेल पासिंग म्हणत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवावं.

खरा खेळ सिरीजच्या अक्षरांचा. एका अक्षरात ९९९९ गाड्या बसतात, ते संपलं की पुढचं अक्षर, आणि झेड संपलं की एए, एबी असं पुढे. आय आणि ओ ही अक्षरं एक आणि शून्यासारखी दिसतात म्हणून सहसा देत नाहीत, म्हणजे एकअक्षरी चोवीस सिरीज मिळून साधारण २ लाख ४० हजार गाड्या मावतात. पुण्याच्या १२ ला हे भराभर संपलं, सिंधुदुर्गच्या ०७ ला त्याहून कितीतरी वर्षं जास्त लागली, म्हणून पुण्याची 'एबी' बघून ०७ च्या 'एबी'चं साल ठरवायला गेलात की फसलात. प्रत्येक आरटीओचा तक्ता वेगळा, आणि तो आपला आपणच बनवायचा असतो: वाडीतल्या ज्या गाड्यांचं पासिंग नक्की ठाऊक आहे त्यांची अक्षरं लिहून काढायची, एक भावाची, एक शेजारच्या काकांची, एक डॉक्टरांची, आणि नवीन दिसलेली गाडी त्या दोघा-तिघांच्या मधे कुठे बसते ते बघायचं. पाच-सहा गाड्या झाल्या की अंदाज वर्षभराच्या आत येतो. फक्त बाईकची अक्षरं कारच्या तक्त्यात घालू नका, दुचाकी, चारचाकी आणि टेंपो-रिक्षा यांच्या सिरीज वेगळ्या चालतात.

यात घोळ घालणाऱ्या गोष्टी पुष्कळ. पहिली म्हणजे फॅन्सी नंबर. ४१४१ म्हणजे दादा आणि २१४ म्हणजे राम असं वाचणारी मंडळी जादा पैसे भरून चालू सिरीजबाहेरचा नंबरही उचलतात, मग अक्षर एक सांगतं आणि आरसी दुसरंच. दुसरी, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी विकली तर नंबर बदलत नाही, त्यामुळे चिपळूणच्या माणसाकडे ०४ ची ठाणेवाली गाडी आयुष्यभर ०४ च राहते, आणि तिचं वय काढायला ठाण्याचा तक्ता लागतो, जो आपल्याकडे नसतो. तिसरी सगळ्यात वाईट, परराज्यातली गाडी. बाहेरून एनओसी आणून इथे पुन्हा पासिंग केलं की त्या दिवशी चालू असलेला ताजा नंबर मिळतो. सावंतवाडी, दोडामार्गला गोव्याच्या गाड्या अशा ०७ होतात. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ साली बंदी आणली तेव्हापासून तिकडच्या गाड्याही स्वस्तात बाहेर पडतात. पाटी कालची, गाडी दहा वर्षांची. ब्रिटनमध्ये निदान गाडी आहे त्यापेक्षा नवी दिसेल असा नंबर लावायला बंदी आहे, आपल्याकडे हे कायदेशीर मार्गानेच होऊन बसतं, कुणी मुद्दाम फसवायला गेलं नाही तरी.

पाटीवर साल लिहिलेल्या गाड्या भारतातही आहेत, पण थोड्या. २०२१ मध्ये आलेल्या बीएच सिरीजची सुरुवातच सालाने होते, '२२ बीएच' म्हणजे २०२२ ची नोंदणी. ती सरकारी आणि सैन्यातल्या लोकांना, तसंच चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरदारांना मिळते. सैन्याच्या गाडीवर वर तोंड केलेला बाण आणि त्याच्यापुढे खरेदीच्या सालाचे दोन आकडे असतात, मुंबई-गोवा हायवेवर ताफा दिसला तर वाचून बघा. एसटीचं कोडं मात्र तिसरंच, कोकणातल्या लाल परीवर ०७ किंवा ०८ शोधू नये, बस दापोडी, चिकलठाणा नाहीतर हिंगण्याच्या कार्यशाळेत बांधली जाते आणि पाटीवरही सहसा तिकडचाच नंबर असतो.

पाटीच्या पत्र्यावरून वय ओळखायची एक युक्ती काही वर्षं मस्त चालली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली, म्हणजे होलोग्रामवाली पाटी दिसली की गाडी १९ नंतरची. मग जुन्या गाड्यांनाही ती लावायला लागली, तारखांवर तारखा वाढल्या, आणि युक्ती बाद झाली. काचेवरचा स्टिकर अजून थोडा कामाचा आहे, वर हिरवी पट्टी असेल तर गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमातली, आणि बीएस-६ सगळ्यांना सक्तीचं झालं १ एप्रिल २०२० ला.

नक्की साल हवं असेल तर आरसी. त्यात नोंदणीची तारीख आणि बनावटीचा महिना-साल दोन्ही असतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यामुळे 'वैध पर्यंत' मधून १५ वजा केले तरी उत्तर येतं, जर पुढे पाच वर्षांचं नूतनीकरण झालेलं नसेल तर. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तरी नोंदणीची तारीख दिसते. बनावट आणि पासिंग यातला फरक मात्र लोक विसरतात, डिसेंबरात बनलेली गाडी पाडव्याला घरी आली की मालक पुढचंच साल सांगणार. आरसी दाखवायला कोणी का-कू करत असेल तर चेसिस नंबर बघा, १७ खुणांचा असतो आणि बऱ्याच कंपन्या दहाव्या जागी सालाचं अक्षर टाकतात: ए म्हणजे २०१०, एफ २०१५, एल २०२०, आर २०२४, मधे आय, ओ आणि क्यू गाळलेले. टायरवर चार आकडे असतात, '२३१८' म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर, स्टेपनी धरून, गाडीपेक्षा नवे असतील तर गाडी बहुधा बरीच पळालेली आहे, आणि टायर गाडीपेक्षा बरेच जुने असतील तर बहुधा कोणीतरी दुसऱ्या गाडीचे चढवलेत.

कोकणात मात्र साल कळलं म्हणून गाडी कळली असं होत नाही. वेंगुर्ला, मालवण, हर्णैला समुद्राच्या तोंडावर उभी राहणारी गाडी आणि घाटावरची त्याच सालची गाडी शेजारी ठेवा, खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस खालून पत्रा खातो, दाराची कड, चाकाच्या कमानी आणि बूटमधलं स्टेपनीचं भोक आधी जातं. म्हणून इथला जाणता माणूस पाटी वाचून झाल्यावर लगेच गुडघ्यावर बसतो. आणि चिपळूण, खेड, महाडकडची २०२१ च्या आधीची गाडी असेल तर सीटखालचं कार्पेट उचलून चिखलाची रेघ बघतो, कारण २२ जुलै २०२१ च्या पुरात किती गाड्या वाशिष्ठी, जगबुडी आणि सावित्रीच्या पाण्यात उभ्या होत्या ते कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही.