होडी किती किलो घेते ते कळलं, पण ती कलंडते कशामुळे?

तलावात फिरायला छोटी होडी घ्यायची म्हटलं की, मग ती हवा भरायची असो, कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट अरुंद होडी असो नाहीतर सपाट तळाची ॲल्युमिनियमची बोट असो, पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती किलो घेते? विकणारा एक आकडा सांगतो, आपण घरातल्यांच्या वजनाची बेरीज करतो, आकड्याच्या आत बसलं की झालं. पण होडी बुडणं वेगळं आणि उलटणं वेगळं, आणि छोट्या होडीत बुडायच्या खूप आधी उलटायची वेळ येते. हे थोडं गणित करून बघितलं की लगेच पटतं, आणि ते शाळेतल्या आर्किमिडीजच्या पुढे फारसं जात नाही.

समजा १२ फूट लांब, ४ फूट रुंद अशी सपाट तळाची बोट आहे, म्हणजे साधारण ३.६ मीटर बाय १.२ मीटर, काठ ४० सेंटीमीटर उंच आणि तिचं स्वतःचं वजन ६० किलो. सोयीसाठी ती सरळ चौकोनी डबा आहे असं धरू, खऱ्या बोटीचं तोंड निमुळतं असतं त्यामुळे खरे आकडे थोडे कमीच येतात. पाण्याला टेकलेलं क्षेत्रफळ झालं सव्वाचार चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे ही बोट १ सेंटीमीटर खाली जायला ४३ किलो लागतात. प्रत्येकी ७५ किलोची तीन माणसं बसली तर ती जेमतेम साडेसहा सेंटीमीटर बुडते. काठापर्यंत बुडवायची तर १७०० किलो लागतील! हे ऐकून कुणालाही वाटेल की मग आठ-दहा जण बसले तर काय बिघडलं.

बिघडतं ते इथे. होडी एका बाजूला झुकली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, त्यामुळे पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकतो आणि होडीला परत सरळ करतो. थोड्याशा झुकावात हा जोर ज्या रेषेत वर जातो ती रेषा होडीच्या मधल्या रेषेला जिथे छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात, फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगे यांनी १७४६ च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली आणि आजही जहाजांची स्थिरता याच बिंदूवरून मोजतात. नियम सोपा आहे. माणसं, सामान आणि होडी मिळून जो गुरुत्वमध्य होतो, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, तो मेटासेंटरच्या खाली असला की होडी सावरते, वर गेला की जराशा धक्क्यानेही कलते आणि मग कलतच जाते.

आता आपल्या बोटीत तीन माणसं असताना मेटासेंटर तळापासून जवळपास १.८५ मीटर उंच येतो, भरपूर जागा आहे, माणसं बसलेली असोत की उभी, गुरुत्वमध्य त्याच्या खालीच राहतो. पण आठ जण चढले, समजा ८० किलोचे, तर बोट १६ सेंटीमीटर बुडते आणि मेटासेंटर घसरून ८० सेंटीमीटरच्या आसपास येतो. वजन वाढलं की तो खाली येतो ही गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. त्यात सगळे फोटोसाठी उभे राहिले तर गुरुत्वमध्य ९० सेंटीमीटरच्या वर जातो, म्हणजे बोट उलटणार, आणि तेव्हा काठ अजून २४ सेंटीमीटर पाण्याच्या वर असतो, बघणाऱ्याला सगळं सुरक्षित दिसत असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, किलोच्या आधी रुंदी बघा. सावरण्याची ताकद रुंदीच्या घनाने वाढते, ४ फुटांच्या जागी ५ फूट रुंद बोट घेतली तर तेवढ्याच वजनाला ही ताकद जवळजवळ दुप्पट होते. कोकणातल्या कोळ्यांना हे कुणी शिकवायची गरज पडली नाही, अरुंद होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांवर लाकडी उलांडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारा ओंडका, बांधली की होडीचं पाण्यातलं बूड लांबवर पसरतं आणि ती सहजासहजी कलंडत नाही. दोन अरुंद होड्या शेजारी जोडलेली कॅटॅमरान आणि पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट पाँटून बोट यांच्यामागे हेच तत्त्व आहे.

३० सप्टेंबर २००९ ला केरळमधे थेक्कडीच्या पेरियार जलाशयात ‘जलकन्यका’ ही दोन मजली पर्यटक बोट उलटली, ४५ जण गेले. काठावरचे प्राणी बघायला प्रवासी एका बाजूला सरकले होते. वरच्या मजल्यावर माणसं म्हणजे गुरुत्वमध्य आधीच वर, त्यात वजन एका कडेला. आपल्या छोट्या बोटीत सुद्धा तिघांपैकी एक जण नुसता अर्धा मीटर बाजूला सरकला तर ती ५-६ अंश कलते, तिघेही एकदम सरकले तर काय होईल याचा अंदाज करा. म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवायचं, मासा दिसो नाहीतर पक्षी, जागेवरून उठायचं नाही.

बोटीत आलेलं पाणी हा आणखी एक छुपा भार. या बोटीत ५ सेंटीमीटर पाणी साचलं तर ते दोनशे लिटरच्या वर होतं, म्हणजे जवळपास तीन माणसं, आणि ही माणसं जागेवर बसत नाहीत, ताटलीत पाणी घेऊन चालावं तसं ते कललेल्या बाजूला धावतं आणि बोट अजून कलते. पाणी उपसायला डबा हवाच.

मग आकडा किती मानायचा? अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान साध्या मोटारबोटींवर किती माणसं, एकूण किती वजन आणि किती हॉर्सपॉवर याची पाटी लावणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि पाटी नसेल तर शांत पाण्यासाठी तिथला एक ढोबळ नियम आहे, फुटातली लांबी गुणिले रुंदी भागिले १५. आपली १२ बाय ४ ची बोट म्हणजे ३.२, म्हणजे तीन माणसं, आठ नाही! पण कयाक, कॅनू (वल्ह्याची उघडी, लांबट होडी) आणि हवा भरायच्या बोटींना ही सक्ती नाही, तिथे कंपनी लिहील तो आकडा, त्यामुळे मी तरी त्याच्या दोन तृतीयांशापर्यंतच जाईन. युरोपात बोटींचे ए ते डी असे वर्ग आहेत, डी म्हणजे मध्यम वारा आणि साधारण ३० सेंटीमीटरच्या लाटा, सी म्हणजे २ मीटरपर्यंतच्या लाटा. डी लिहिलेली बोट घेऊन तारकर्लीच्या समुद्रात जाऊ नये, मग आकड्यात कितीही किलो शिल्लक असोत.

बेरीज करताना माणसांशिवायचं पण धरा, ५-६ हॉर्सपॉवरची मोटार साधारण २५ किलो, १०० अँपिअर-अवरची लेड ॲसिड बॅटरी ३० च्या आसपास, शिवाय बर्फाचा डबा, पाणी, नांगर. मोटार आणि चालवणारा दोघंही मागेच असतात, म्हणून बॅटरी पुढे ठेवली तर बरं.

कयाकचं थोडं वेगळं आहे. रुंद, सपाट तळाची कयाक शांत पाण्यात एकदम स्थिर वाटते, पण बाजूने लाट आली की ती लाटेच्या उताराबरोबर कलते, तर गोल तळाची अरुंद कयाक पहिल्यापासून डुगडुगते, नवख्याला भीती वाटते, पण बरीच कलून सुद्धा सावरते. तलावावर, मुलांना घेऊन, मासे पकडायला जायचं असेल तर ७५ सेंटीमीटरच्या पुढची रुंद, वर बसायची कयाक घ्या. सीट जितकी खाली तितकं चांगलं, काही फिशिंग कयाकमधे खुर्ची उंच असते, ती आरामाची असते पण गुरुत्वमध्य वर नेते, म्हणून ती उंच खुर्ची फक्त खूप रुंद कयाकवरच.

शक्य असेल तर पैसे द्यायच्या आधी कमरेएवढ्या पाण्यात लाइफ जॅकेट घालून सगळ्यांनी बसून बघा, एकाने कडेला सरकून बघा, आणि सगळ्यात खालचा काठ पाण्यापासून किती वर राहतो ते पट्टीने मोजा.