अर्थमितीचं मूळ शेतमालाच्या भावात

एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या आठवड्यात दरवर्षी तोच प्रश्न येतो: "सर, अर्थमितीला गणित किती असतं?" अर्थमिती म्हणजे आकडेवारी आणि संख्याशास्त्राच्या मदतीने आर्थिक प्रश्न तपासण्याचं शास्त्र. विचारणारी मुलं खानदेशातल्या यावल, चोपडा, शिरपूर, तळोद्याकडची असतात. बारावीनंतर गणिताशी संबंध सुटलेला, त्यामुळे हा पेपर म्हणजे दुसऱ्याच कुणाचा विषय, असं त्यांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. म्हणून मी समीकरणांच्या आधी इतिहास सांगतो. कारण अर्थमितीतले सुरुवातीचे मोठे प्रश्न कापूस आणि जवसाच्या भावातून उभे राहिले आहेत.

'इकॉनॉमेट्रिक्स' म्हणजे अर्थमिती हे नाव तसं अलीकडचं. नॉर्वेचे अर्थशास्त्रज्ञ रॅग्नार फ्रिश यांनी ते 1926 मध्ये वापरलं. 1930 मध्ये अमेरिकेत इकॉनॉमेट्रिक सोसायटी स्थापन झाली आणि 1933 पासून तिचं 'इकॉनॉमेट्रिका' हे नियतकालिक निघू लागलं. 1969 मध्ये अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल फ्रिश आणि नेदरलँड्सचे टिनबर्गन यांना मिळालं.

काम मात्र नावाच्या आधीच सुरू झालं होतं. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हेन्री मूर यांनी 1917 मध्ये अमेरिकेतल्या पाऊस-तापमानाच्या नोंदींवरून कापसाचं उत्पादन आणि भाव आधीच सांगता येतो का, यावर पुस्तक लिहिलं. त्याआधी 1914 मध्ये त्यांच्या कामात एक अडचण दिसली होती. कच्च्या लोखंडाची आकडेवारी मांडली, तर मागणीची रेषा खाली येण्याऐवजी वर चढताना दिसली. भाव वाढला की मागणी वाढते, असा त्याचा अर्थ निघत होता.

ही अडचण मी फळ्यावर केळीवरून दाखवतो. रावेर पट्ट्यातली रोजची आवक आणि भाव घ्या, दर दिवसाचा एक ठिपका. ठिपक्यांमधून रेषा काढली, तर ती मागणीची की पुरवठ्याची? दोन्हींची नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे त्या दिवशी मागणी आणि पुरवठा जिथे भेटले ती जागा, आणि दोन्ही रेषा रोज हलत असतात. यातून वाट काढायची तर फक्त पुरवठा हलवणारं आणि मागणीला न शिवणारं काहीतरी हवं. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फिलिप राइट यांनी 1928 मध्ये तेलांवरच्या आयातशुल्काविषयी पुस्तक लिहिलं. त्याच्या परिशिष्टात लोणी आणि जवसाच्या उदाहरणांवरून त्यांनी ही युक्ती मांडली. आज ती इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणून शिकवली जाते, पण तेव्हा बरीच वर्षं तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आमच्याकडे ते काहीतरी म्हणजे मे-जूनचं वादळ. एका संध्याकाळी बागा आडव्या होतात, आवक घटते. केळी खाणाऱ्या दिल्लीकराची भूक मात्र त्या वाऱ्याने बदलत नाही. मग भाव किती चढला यावरून मागणीचा अंदाज बांधता येतो. पण वादळ ऐन रमजानमध्ये आलं तर? मागणीही हललेली असते आणि हिशेब बिघडतो. हे सांगितलं की वर्गात मान हलवणारी मुलं शेतकऱ्यांच्या घरची असतात.

याहून मोठं उदाहरण खानदेशच्याच इतिहासात आहे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इथल्या कापसाला न भूतो असा भाव आला. त्या भावाचं कारण इथल्या पावसात नव्हतं की जमिनीत, म्हणून भाव वाढला तर शेतकरी किती पेरा वाढवतो हे तपासायला हा काळ उत्तम वाटतो. मात्र त्याच दशकात रेल्वेही खानदेशात आली. पेरा भावामुळे वाढला की वाहतूक स्वस्त झाल्यामुळे? या दोन गोष्टी सोडवून दाखवणं हेच अर्थमितीचं खरं काम. मला स्वतःला हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या गणितापेक्षा जास्त शिकवून गेला.

आकडे कुठून येतात, हीसुद्धा याच इतिहासाची बाजू. पूर्वी पीक नजरेने ठरे. सोळा आणे, आठ आणे. 1940 च्या दशकात पानसे आणि सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांनी यादृच्छिक पद्धतीने शेत निवडून, चौकोन आखून, आतलं पीक कापून तोलण्याची पद्धत रुजवली. दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्मे यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपं आत मोजली जातात आणि उत्पादन फुगतं. आजचे पीक कापणी प्रयोग त्याच वाटेने होतात. पीकविम्याची भरपाई अनेकदा त्यांच्यावर ठरते, तेव्हा दोरी नीट धरली गेली का, हा प्रश्न प्रत्येक गावाचा असतो.

1990 मध्ये जळगावला विद्यापीठ झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. आता आर आणि ग्रेटल ही आकडेवारी तपासण्याची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यामुळे साधनांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. गेल्या वर्षी एक विद्यार्थी वडिलांच्या केळीविक्रीच्या पावत्यांची पिशवी घेऊन आला. काही पावत्यांच्या मागे वडिलांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: 'वादळ'. तारखेसकट.