उरलेले ५०.७ टक्के

१३ जून २०२३ रोजी राज्यातल्या अनेक दैनिकांत पानभर जाहिरात आली: ‘राष्ट्रात मोदी, महाराष्ट्रात शिंदे’. एका सर्वेक्षणाचा हवाला देऊन तीत म्हटलं होतं की, मुख्यमंत्री म्हणून एकनाथ शिंदे यांना २६.१ टक्के आणि देवेंद्र फडणवीस यांना २३.२ टक्के लोकांची पसंती आहे. जाहिरातीत फडणवीसांचा फोटो नव्हता. युतीत कुरबुर झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या फोटोसह नवी जाहिरात आली. चर्चा रंगली ती कोण पुढे आणि कोण मागे याचीच.

मी त्या सकाळी अंकाच्या समासात पेन्सिलीने बेरीज केली. ४९.३. म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांनी दोघांपैकी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. ते काय म्हणाले? किती जण ‘सांगता येत नाही’ म्हणाले? खरी बातमी तिथे होती.

नेत्याची लोकप्रियता आकड्यात मांडायची आणि तो आकडा आपल्याला हवा तसा उभा करायचा, याला मोठा इतिहास आहे. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ने सुमारे एक कोटी पत्रं पाठवली, त्यांतली जवळपास २४ लाख परत आली आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट हरणार असं साप्ताहिकाने छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते प्रामुख्याने टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेले होते. मंदीच्या त्या वर्षांत ज्यांच्याकडे फोन आणि मोटार, त्यांचंच मत मोजलं गेलं. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी कुणी घेतली, हाही प्रश्न होताच. त्याच निवडणुकीत मतचाचणीकार जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी छोट्या नमुन्यावर बरोबर अंदाज दिला.

भारतात हे तंत्र १९५० च्या दशकात एरिक डि’कोस्टा यांच्या संस्थेमुळे आलं. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९६३ मध्ये स्थापन केलेल्या सीएसडीएस या दिल्लीतल्या संशोधन संस्थेने त्याला अभ्यासाची बैठक दिली. आपल्या नाशिकने मात्र त्याच वर्षी यशवंतराव चव्हाणांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं होतं. लोकप्रियता तेव्हा सभेच्या गर्दीवरून आणि पारावरच्या बोलण्यावरून जोखली जायची. १९८० च्या दशकात निवडणूक विश्लेषक प्रणय रॉय आणि अशोक लाहिरींच्या अंदाजांमुळे मतचाचण्या घरोघरी पोचल्या, पुढे दूरचित्रवाणीने त्यांना रोजचं खाद्य बनवलं. पडद्यावर दोन चेहरे आणि दोन आकडे पटकन मावतात. प्रश्न नेमका काय विचारला होता, ते मावत नाही.

आणि सगळी मेख प्रश्नातच असते. ‘हे नेते तुम्हाला आवडतात का?’, ‘त्यांच्या कामावर समाधानी आहात का?’ आणि ‘मुख्यमंत्री म्हणून कोण हवं?’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. माणूस चांगला आहे पण कांद्याच्या भावाचं काय, असं बोलणारे शेतकरी लासलगावला हवे तेवढे भेटतील. असा शेतकरी पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणतो, दुसऱ्याला ‘नाही’. कांद्याची निर्यातबंदी डिसेंबर २०२३ मध्ये आली, मे २०२४ च्या सुरुवातीला उठली आणि २० मे रोजी इथे लोकसभेचं मतदान झालं. जिल्ह्यातल्या कांदापट्ट्यातील दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, भास्कर भगरे निवडून आले. तेही नामसाधर्म्य असलेल्या एका अपक्षाने लाखावर मतं घेतलेली असताना. पसंतीचे तीनही आकडे ‘लोकप्रियता’ या एकाच मथळ्याखाली छापणं म्हणजे वाचकाची दिशाभूल आहे, मग ती घाईत होवो की हेतूने.

कायद्याने वेळेवर बंधन घातलं, मथळ्यावर नाही. १९९८ मध्ये निवडणूक आयोगाने चाचण्या छापण्यावर बंदीच्या सूचना काढल्या. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या टिकल्या नाहीत आणि आयोगाने त्या मागे घेतल्या. २००९ च्या दुरुस्तीने मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोलला मनाई केली. नमुना किती, पद्धत कोणती, काम कुणाचं हे वाचकाला सांगावं, असं प्रेस कौन्सिल सांगते. पण ही माहिती छापलीच तर ती आतल्या पानावर, बारीक टायपात.

मध्यंतरी एका स्थानिक अंकात ‘नाशिककरांची पहिली पसंती’ असा आठ कॉलमी मथळा होता. खाली कोपऱ्यात लिहिलं होतं की, राज्यभरातल्या सुमारे तीन हजार लोकांशी बोलून हा कौल काढला आहे. राज्यात विधानसभेचे मतदारसंघ २८८, म्हणजे एकेका मतदारसंघात सरासरी दहा माणसं. जिल्ह्यात १५ मतदारसंघ, म्हणून नाशिकच्या वाट्याला दीडशेच्या आसपास. एवढ्या नमुन्यात आठ टक्के इकडचे तिकडे होऊ शकतात, आणि मथळ्यातली आघाडी चार टक्क्यांची होती. त्या दीडशेत सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांतले किती आणि शहरातल्या गंगापूर रोडचे किती, त्यांना दारात जाऊन विचारलं की फोनवर, यातलं काहीच बातमीत नव्हतं. मी संपादकांना पत्र लिहून एवढंच विचारलं. पत्र छापलं गेलं, पण दीडशेचा हिशेब मांडलेला परिच्छेद गाळून.