ॲरिझोनाचा तोतया बॅरन आणि त्यामागचा जमिनीचा प्रश्न
ॲरिझोनाच्या इतिहासातील सुरस कथांमध्ये टूम्बस्टोन गावातील १८८१ मधील गोळीबाराचा मान पहिला असला, तरी माझ्या मते त्याहून रंजक प्रकरण कागदावर घडले. जेम्स ॲडिसन रीव्हिस नावाच्या माणसाने बनावट सनदेच्या आधारे सुमारे १ कोटी २० लाख एकर जमिनीवर मालकी सांगितली आणि कित्येक वर्षे लोक त्याला पैसे मोजत राहिले. हे शक्य कसे झाले, याचे उत्तर त्याच्या हस्तलाघवाइतकेच त्या प्रदेशाच्या हस्तांतरात आहे.

मेक्सिकोशी झालेल्या युद्धानंतर १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहाने आजच्या ॲरिझोनाचा मोठा भाग अमेरिकेकडे आला आणि १८५३ च्या गॅड्सडेन कराराने हीला नदीच्या दक्षिणेचा पट्टाही १ कोटी डॉलरला विकत घेतला गेला. पूर्वीच्या राजवटीतील मालमत्तेचे हक्क जपण्याचे आश्वासन तहात होते. गॅड्सडेन करारात मात्र अशी अट होती की, ज्या सनदांची जागा निश्चित झालेली नाही आणि ज्यांची नोंद मेक्सिकोच्या दप्तरात नाही, त्या मानल्या जाणार नाहीत. ही अट बनवेगिरी रोखण्यासाठी होती, पण कोठे काय घुसवायचे हे तिनेच रीव्हिससारख्याला सांगून टाकले.

रीव्हिसचा जन्म १८४३ मध्ये मिझुरीत झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात असताना वरिष्ठांची सही हुबेहूब वठवून रजेचे परवाने तयार करण्यापासून त्याची उमेदवारी सुरू झाली आणि पुढे सेंट लुइसमध्ये जमिनींच्या व्यवहारात ती कामी आली. ‘पेराल्टा सनदे’चे कागद बाळगणाऱ्या जॉर्ज विलिंगशी त्याची तेथेच गाठ पडली. १८७४ मध्ये विलिंग वारल्यावर रीव्हिसने ती कथा आपलीशी केली आणि स्पेनच्या राजाने अठराव्या शतकात मिगेल दे पेराल्टा नावाच्या बॅरनला, म्हणजे सरदाराला, ही जहागीर दिली, असा दावा १८८३ मध्ये टूसॉनच्या सर्व्हेअर जनरलच्या, म्हणजे सरकारी भूमापन प्रमुखाच्या, कचेरीत दाखल केला. फिनिक्स शहरही तिच्या हद्दीत येत होते.

ज्यांनी ओसाड रानात पाट काढून शेती उभी केली, त्यांच्या दारावर आता हक्कसोडपत्र विकत घेण्याच्या नोटिसा लागल्या. सदर्न पॅसिफिक रेल्वेने ५०,००० डॉलर दिले, सिल्व्हर किंग खाणीने २५,०००. बड्यांनी मान तुकवल्यावर लहान शेतकऱ्याने कोणाच्या भरवशावर लढायचे? शिवाय रीव्हिसने सोफिया नावाची पोरकी मुलगी पेराल्टा घराण्याची शेवटची वारस म्हणून उभी केली, तिच्या कुळाच्या नोंदी चर्चच्या वह्यांत घुसवल्या आणि तिच्याशी लग्नही केले.

सर्व्हेअर जनरल रॉयल जॉन्सनने १८८९ मध्ये प्रतिकूल अहवाल देऊन कागदांतील खोट दाखवली. जुन्या दस्तांवर पिसाच्या लेखणीची वळणे असतात, तर यातील काही पानांवर पोलादी टाकाचे फराटे होते; स्पॅनिशही राजाच्या दरबाराला शोभणारे नव्हते. तरीही रीव्हिस उलट सरकारवरच दावा लावून बसला. अशा सनदांचा निवाडा करणारे खास न्यायालय १८९१ पर्यंत अस्तित्वातच नव्हते आणि ही दिरंगाई हेच त्याचे खरे भांडवल होते. त्या न्यायालयापुढे खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकिलांनी मेक्सिको आणि स्पेनमधील दप्तरे धुंडाळली. १८९५ मध्ये सांता फे येथे सनद बनावट ठरली, पाठोपाठ रीव्हिसला अटक झाली आणि १८९६ मध्ये दोन वर्षांची कैद व ५,००० डॉलर दंड झाला. सोफियाने १९०२ मध्ये घटस्फोटासाठी अर्ज केला. रीव्हिस १९१४ मध्ये डेन्व्हरला वारला.

या न्यायालयाचे काम १९०४ मध्ये संपले. त्याच्यापुढे एकूण साडेतीन कोटी एकरांच्या आसपास जमिनीचे दावे आले होते आणि मंजूर झाले ते सुमारे वीस लाख एकरांचेच. फेटाळलेल्या जमिनींत रीव्हिसची बनावट जहागीर होती, तशीच न्यू मेक्सिकोतील कित्येक गावांची पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत असलेली सामाईक कुरणेही होती.